पलीकडचा एसी, अलीकडची बुरशी

आमच्या बेडरूमच्या ज्या भिंतीला बुरशी आली, तिच्या पलीकडे पाण्याचा थेंब नाही. बाथरूम नाही, पाइप नाही, पावसाचा मारा खाणारी पश्चिमेची भिंतही ती नव्हे. प्लंबरने ठोकून पाहिली, "लीकेज कुठेच नाय" म्हणाला आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. तरी जुलैत कपाट सरकवलं, तर मागे काळपट-हिरवे ठिपके, मधोमध दाट, कडेला विरळ. शिवाय तो कुबट वास. पलीकडे आहे फक्त शेजाऱ्यांची बेडरूम आणि त्यांचा एसी. गोम तिथेच होती.

बुरशी कुठून आली, हा प्रश्न तसा फिजूल आहे. तिचे बीजाणू हवेत बारा महिने तरंगत असतात. बरेचसे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम ही नेहमीची मंडळी मे महिन्यातही त्याच भिंतीवर बसलेली होती. सिमेंट त्यांना पचत नाही, पण रंगातला चिकट अंश, धूळ, प्लायवूड, साडीची खळ, चामड्याचा पट्टा, सगळं चालतं. बुरशीला तोंड नाही की पोट नाही. ती पाचकरस बाहेरच सोडते, अन्न तिथेच विरघळवते आणि तंतूंवाटे शोषून घेते. विरघळवायला पाणी लागतं, आणि मे महिन्यात अडतं ते इथेच.

तेही नुसतं पाणी असून भागत नाही, ते हाती लागलं पाहिजे. लोणच्यात पाणी असतंच, पण मिठाने ते धरून ठेवलेलं असतं. वर तेलाचा थर असला की हवाही मिळत नाही. एखादी फोड तेलाबाहेर डोकावली की नेमकं तिच्यावरच पांढरं पांघरूण चढतं. भिंतीच्या बाबतीत हिशेब असा, की पृष्ठभागाला अगदी लगटून असलेल्या हवेची आर्द्रता काही दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली, तर बहुतेक बुरशींना तेवढं पुरतं. भिंत हाताला ओली लागायची गरज नाही.

आता आमची खोली घ्या. जुलैत हवा २७ अंश, आर्द्रता ८५ टक्के. गार हवेत वाफ कमी मावते, म्हणून तीच हवा गार झाली की तिची आर्द्रता चढते. शेजाऱ्यांच्या एसीने सामाईक भिंत आमच्या बाजूने दोनच अंशांनी गार झाली, २५ वर आली, की तिला चिकटलेल्या हवेची आर्द्रता ९५ टक्क्यांच्या पुढे जाते. आणखी एखादा अंश उतरला की दव. त्यात भिंतीला टेकून कपाट. खोलीची ऊब मागे पोचत नाही, पंख्याचा वारा तर नाहीच. म्हणून ठिपके कपाटामागे मधोमध दाट.

यात भर आपण घालतो. दहा बाय बाराच्या, नऊ फूट उंच खोलीतली हवा २७ अंशांना जास्तीत जास्त पाऊण लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात धरते. ८५ टक्क्यांवर ती आधीच बरीच भरलेली असते. उरते अर्धा कप चहाएवढी जागा. आणि आपण तिथे दोरीवर बादलीभर कपडे टाकतो, ज्यांत पिळूनही लिटर-दीड लिटर पाणी सहज असतं. ते खिडकीतून गेलं तर ठीक, नाहीतर पुस्तकांत, गादीत, भिंतीत.

"खिडक्या उघडा" हा इंटरनेटवरचा सल्ला बहुतेक थंड देशांचा असतो. तिथे हिवाळ्यात बाहेरची हवा कोरडी. मुंबईत जुलैमध्ये बाहेरचीही तेवढीच दमट, त्यामुळे खिडकी उघडून घर वाळत नाही. स्वयंपाकाची, आंघोळीची, कपड्यांची जास्तीची वाफ तेवढी निघून जाते. माझ्या मते इथे खिडकीपेक्षा पंखा आणि एक्झॉस्ट जास्त कामाचे.

भिंतीवर पांढरी भुकटी दिसली तर आधी तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून वर आलेले क्षार. तिथे मात्र पाणी खरंच मुरतंय. बुरशी विरघळत नाही, माखते. ती कोरड्या ब्रशने झाडू नका, बीजाणू घरभर होतात. ओल्या फडक्याने पुसा. ब्लीच टाइल्सवर चालतं, पण टॉयलेट क्लीनरमधल्या अ‍ॅसिडशी त्याची गाठ पडली की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

२०२१ साली ज्या "काळ्या बुरशी"ने धास्ती घातली, तो म्युकरमायकोसिस. ती बुरशी वेगळ्याच गटातली. काळी पडत होती ती रुग्णाची मृत झालेली ऊती. म्हणून भिंतीवरचे डाग निरुपद्रवी असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांचा संबंध दमा, खोकला यांच्याशी जोडला, आणि "एवढी चालेल" असा सुरक्षित आकडा मात्र दिला नाही.

शेजाऱ्यांना एसी कमी करा म्हणायची माझी काही हिंमत झाली नाही. भिंत पुसली, वाळवली, कपाट वीतभर पुढे ओढलं. त्याचं डावं दार आता पलंगाला अडतं आणि अर्धंच उघडतं.