‘मी राणी मेरी’ : पार्श्वभूमी
कोपनहेगनच्या बंदरावर, वेस्ट इंडीजची साखर आणि रम पूर्वी जिथे उतरत असे त्या वखारीसमोर, ३१ मार्च २०१८ रोजी ‘मी राणी मेरी’ हा सुमारे ७ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला. डेन्मार्कमधला कृष्णवर्णीय स्त्रीचा हा पहिला सार्वजनिक पुतळा. तारीख सहज निवडलेली नव्हती. १९१७ साली याच दिवशी डेन्मार्कने कॅरिबियन समुद्रातली आपली सेंट क्रॉय आणि शेजारची बेटं अडीच कोटी डॉलर घेऊन अमेरिकेच्या ताब्यात दिली होती.

तिथली गुलामगिरी १८४८मध्ये संपली, पण मजूर मोकळा झाला नाही. पुढच्याच वर्षीच्या कामगार कायद्याने तो वर्षाच्या कराराने मळ्याला बांधला गेला. मळा सोडायचा तर १ ऑक्टोबर हा ठरलेला दिवस. १८७८मध्ये त्याच दिवशी सेंट क्रॉयवरच्या फ्रेडरिकस्टेड शहरात जमलेल्या मजुरांचा संताप उसळला. जवळपास ५० मळे आणि शहराचा मोठा भाग जळाला; हाच ‘फायरबर्न’ उठाव. घाईघाईने खटले चालवून १२ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. उठावाची एक पुढारी मेरी थॉमस आणि तिच्या साथीदार स्त्रियांना पुढे कोपनहेगनच्या तुरुंगात आणलं गेलं.

सगळा घोळ होतो तो ‘राणी’ या शब्दापाशी. मळ्यावरचे सण, नाच, समारंभ जिच्या पुढाकाराने होत, तिला मजूर राणी म्हणत. मेरी, अ‍ॅग्नेस, मटिल्डा या अशा राण्या. हा मान राजवाड्याचा नव्हता, माणसांनी आपल्यातल्या एकीला दिलेला होता. त्याला टोपणनाव समजणं म्हणजे तिचं पुढारीपण नाकारणं, असं मला ठामपणे वाटतं. २०२४पासून डेन्मार्कच्या राणीचंही नाव मेरीच आहे, त्यामुळे कोणती मेरी हे आता दर वेळी सांगावं लागतं.

पुतळ्याला मेरीचा चेहरा नाही. एक बेटांवरची आणि एक डॅनिश, अशा दोन कलावंत स्त्रियांनी स्वतःची शरीरं स्कॅन करून ही आकृती घडवली. नावातला ‘मी’ त्यातूनच आलेला. एका हातात मशाल, दुसऱ्यात ऊस तोडायचा कोयता. उंच पाठीची वेताची खुर्ची अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर संघटनेच्या नेत्याच्या १९६७च्या छायाचित्रातली. चौथऱ्यातले प्रवाळाचे दगड मात्र सेंट क्रॉयचे, गुलामांनी समुद्रातून कापून काढलेले.

पुतळा फोमचा होता, तात्पुरता. डिसेंबर २०२०च्या वादळात तो मोडला. त्याच वखारीसमोरची मायकेलअँजेलोच्या ‘डेव्हिड’ पुतळ्याची प्रतिकृती मात्र ब्राँझची आहे.