पेशीला नकोसं, हाडाला हवंसं

बेडकाचं हृदय शरीरातून काढून योग्य द्रावणात ठेवलं, तर ते बराच वेळ धडधडत राहतं. लंडनमधले डॉक्टर सिडनी रिंगर हे योग्य द्रावण नेमकं कोणतं, याचा शोध घेत होते. मीठ आणि एकदोन क्षार घातलेलं डिस्टिल्ड पाणी पुरेसं आहे, असं त्यांनी १८८२ मध्ये जाहीरही केलं. मग उलगडा झाला की प्रयोगशाळेत द्रावणासाठी डिस्टिल्ड पाणी वापरलंच नव्हतं, सरळ नळाचं घेतलं होतं. खरोखरीचं डिस्टिल्ड पाणी घेऊन प्रयोग केला, तर ठोके मंदावत गेले आणि हृदय थांबलं. नळाच्या पाण्यात जास्तीचं होतं ते कॅल्शियम. १८८३ मध्ये रिंगर यांनी हे सगळं प्रांजळपणे छापून टाकलं. सलाईनच्या बाटलीवर आजही ‘रिंगर लॅक्टेट’ असं लिहिलेलं असतं, ते याच रिंगर यांच्या नावावरून.

कॅल्शियम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हाडं आणि दात येतात. ते चूक नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडा-दातांतच असतं. पण शरीर जिवापाड जपतं ते उरलेलं एक टक्का. त्याच्यासाठी हाडांना झीज सोसावी लागली तरी शरीराची तयारी असते. असं का, हे समजून घ्यायला सुरुवात पेशीपासून करावी लागते.

पेशीच्या आतलं मोकळं कॅल्शियम बाहेरच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट कमी असतं. हा फरक आपोआप राहत नाही. पेशीच्या आवरणातले प्रथिनांचे पंप आत झिरपलेलं कॅल्शियम अहोरात्र बाहेर फेकत असतात आणि त्यासाठी ऊर्जाही खर्च करतात. एवढा खटाटोप कशासाठी, याचं एक पटण्यासारखं उत्तर फॉस्फेटमध्ये सापडतं. पेशीची ऊर्जा ज्या एटीपी नावाच्या रेणूत असते, त्यात फॉस्फेट असतं. डीएनएच्या कण्यातही फॉस्फेट. आणि कॅल्शियम व फॉस्फेट भरपूर प्रमाणात एकत्र आले की त्यांचा साका बसतो, खडा धरतो. पेशीच्या आत असं झालं तर कारभारच ठप्प. म्हणून कॅल्शियम बाहेर.

एकदा आत इतकी टंचाई ठेवली की तिचा दुसराच फायदा होतो. दार क्षणभर जरी उघडलं तरी आतलं प्रमाण एकदम कित्येक पटींनी वाढतं. एरवी जिथे काहीच नसतं, तिथे थोडंसं आलेलंही ठळक कळतं. यामुळे कॅल्शियम हा पेशीच्या आतला इशारा बनला. शरीरात तो ठिकठिकाणी वापरला जातो, पण सगळ्यांत जोरकसपणे स्नायूंमध्ये.

कोपर दुमडून पाहा. दंडाचा स्नायू आखडून फुगतो. हा स्नायू हजारो तंतूंचा असतो आणि त्यातला प्रत्येक तंतू म्हणजे एकच पेशी. केसाएवढी किंवा त्याहून बारीक, पण लांबीला कित्येक सेंटिमीटर. गर्भात असंख्य छोट्या पेशी एकमेकींत विलीन होऊन ती तयार झालेली असते, त्यामुळे तिच्यात एक नाही, शेकडो केंद्रकं असतात. तंतूच्या आत मायोसिन या प्रथिनाचे जाड आणि ॲक्टिन या प्रथिनाचे बारीक धागे आळीपाळीने रचलेले असतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवावीत तसे ते एकमेकांत सरकतात. धाग्यांची लांबी तेवढीच राहते, स्नायू मात्र आखूड होतो. १९५४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या गटांनी हे मांडलं. दोन्ही गटांत एकेक हक्सली होते, अँड्र्यू आणि ह्यू, आणि त्या दोघांचं आपसात काही नातं नव्हतं! अशी एक सरकपट्टी जेमतेम अडीच मायक्रोमीटर लांब असते. दहा सेंटिमीटरच्या तंतूत अशा चाळीसेक हजार पट्ट्या एकीपुढे एक जोडलेल्या असतात. प्रत्येकीचं सरकणं नगण्य, पण सगळ्यांची बेरीज हात उचलण्याइतकी होते.

मग स्नायू सदासर्वकाळ आखडलेलाच का राहत नाही? कारण विश्रांतीच्या वेळी ॲक्टिनवरच्या ज्या जागा मायोसिनला पकडायच्या असतात, त्या एका लांबट प्रथिनाने झाकलेल्या असतात. ते झाकण ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाच्या ताब्यात असतं. १९६० च्या दशकात जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी ते शोधलं. चेतातंतूकडून हुकूम आला की तंतूच्या आतच असलेल्या पिशव्यांच्या जाळ्यातून कॅल्शियम सुटतं, ट्रोपोनिनला चिकटतं, झाकण बाजूला होतं आणि मायोसिन पकड घेतं. हे सगळं काही मिलिसेकंदांत. (छातीत दुखतंय म्हणून गेल्यावर दवाखान्यात ‘ट्रोपोनिन’ तपासतात, ते याच प्रथिनाचं हृदयातलं रूप. हृदयाच्या पेशी मेल्या की ते रक्तात उतरतं.)

आखडायला ताकद लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं. सैल पडायलाही लागते, याची मात्र कल्पना नसते. सुटलेलं कॅल्शियम पिशव्यांत परत ओढायला एटीपी लागतो आणि मायोसिनची पकड सोडवायलाही एटीपीच. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठरतं ते याचमुळे. एटीपी संपतो, कॅल्शियम मोकाट सुटतं आणि मायोसिन जिथे पकडून बसलेलं असतं तिथेच अडकतं. पुढे प्रथिनं स्वतःच झिजू लागल्यावर तो ताठरपणा ओसरतो.

हातापायांच्या स्नायूंचा साठा त्यांच्या आतच असल्याने बाहेरचं कॅल्शियम कमी झालं तरी त्यांचं लगेच अडत नाही. हृदयाचं तसं नाही. त्याच्या पेशींना प्रत्येक ठोक्याला बाहेरून थोडं कॅल्शियम आत यावं लागतं, तेव्हा कुठे आतला साठा उघडतो. रिंगर यांच्या भांड्यातलं हृदय म्हणूनच थांबलं.

तेव्हा रक्तातलं कॅल्शियम कमी झालं तर हातपाय लुळे पडत असतील, असं वाटेल. घडतं बरोबर उलटं. चेतातंतूंच्या बाहेर असलेलं कॅल्शियम त्यांना आवर घालत असतं. ते घटलं की चेतातंतू ऊठसूट संदेश सोडू लागतात. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, मग स्नायू आपले आपण आवळतात. डॉक्टरांची यासाठी एक जुनी परीक्षा आहे. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला बांधून हवा भरायची आणि तीन मिनिटं तसाच ठेवायचा. कॅल्शियम कमी असेल तर मनगट वाकतं, अंगठा तळव्याकडे ओढला जातो, बोटं सरळ राहून एकमेकांना चिकटतात आणि रुग्णाला ती स्वतःहून सोडवता येत नाहीत. रात्री पोटरीत येणारा गोळा हा प्रकार वेगळा. त्यामागे बहुतेक वेळा कॅल्शियम नसतं, तेव्हा लगेच गोळ्या घेण्यात फारसा अर्थ नाही.

एकोणिसाव्या शतकात थायरॉइड काढून टाकलेल्या काही रुग्णांना नेमके असेच झटके येत. थायरॉइडबरोबर तिच्या मागच्या चार बारीक ग्रंथीही निघून जात होत्या, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. या पॅराथायरॉइड ग्रंथी पहिल्यांदा दिसल्या त्या माणसात नव्हे, गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला एक भारतीय गेंडा मेल्यावर शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५० च्या सुमारास त्याचं विच्छेदन केलं, तेव्हा त्यांना थायरॉइडला लागून एक छोटा पिवळसर पुंजका आढळला. माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन १८८० मध्ये स्वीडनमधल्या उप्सालातल्या इवार सँडस्ट्रॉम या विद्यार्थ्याने केलं. त्याची दखल फारशी कुणी घेतली नाही. १९०९ मध्ये मात्र अमेरिकेत दाखवून दिलं गेलं की या ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांना कॅल्शियम टोचलं की झटके थांबतात.

रक्ताच्या १०० मिलिलिटर द्रवात साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम कॅल्शियम असावं लागतं. सगळ्या रक्तातलं मिळून ते अर्धा ग्रॅमही भरत नाही. प्रमाण किंचित उतरलं तरी पॅराथायरॉइड लगेच हॉर्मोन सोडतात. मूत्रपिंड लघवीतून जाणारं कॅल्शियम रोखतं, ड जीवनसत्त्व कार्यक्षम होऊन आतडं अन्नातलं जास्त कॅल्शियम शोषतं. आणि हाडांना हात घातला जातो.

हाड म्हणजे पेशींनी आत टाळलेली गोष्ट बाहेर मुद्दाम घडवून आणलेली. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे अतिसूक्ष्म स्फटिक कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांवर बसवले की हाड होतं. हाड सौम्य आम्लात बरेच दिवस ठेवलं तर स्फटिक विरघळतात आणि उरतं ते रबरासारखं वाकतं. जाळलं तर कोलॅजेन जातं आणि हाताच्या दाबाने चुरा होतो. जिवंत हाडात हे मोडणं-बांधणं कायम चालू असतं. ऑस्टिओक्लास्ट या मोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशी हाडाला घट्ट चिकटतात, खाली बंदिस्त कोपरा करतात आणि त्यात आम्ल सोडून खड्डा पाडतात. त्यामागून ऑस्टिओब्लास्ट येऊन तो भरतात. एक खड्डा पाडायला सुमारे तीन आठवडे पुरतात, भरायला तीन-चार महिने लागतात. प्रौढ माणसाचा जवळपास दहा टक्के सांगाडा दरवर्षी असा नवा होतो. मोडणं झटपट आणि बांधणं सावकाश असल्यामुळे मोडणीने जरा जोर धरला तरी तूट लवकर पडते.

कुठे बांधायचं हे ठरवण्यात स्नायूंचा मोठा वाटा असतो. हाडातच गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइट पेशी बारीक नळ्यांतून एकमेकींशी जोडलेल्या असतात. स्नायूने हाड ओढलं की नळ्यांतला द्रव हलतो आणि इथे भार आहे, हे त्यांना समजतं. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरतं. उलट, अवकाशस्थानकात राहणाऱ्यांच्या कंबरेच्या हाडाची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्क्याने उतरते. तिथे खाण्यात कॅल्शियम कमी नसतं, हाडांवरचा भार मात्र नसतो.

रक्ताच्या अहवालात कॅल्शियम नॉर्मल आलं की बरेच जण हाडांबद्दल निश्चिंत होतात. पण तो आकडा हाडांतून भर घालूनही नॉर्मल ठेवलेला असू शकतो. हाडं किती भरीव आहेत ते डेक्सा स्कॅन या क्ष-किरण तपासणीने कळतं. आणि रक्तातलं कॅल्शियम सतत जास्तच येत असेल, तर हाडं दणकट आहेत असं समजून चालत नाही. डॉक्टरांचा पहिला संशय बहुधा पॅराथायरॉइडवर जातो. तिथे छोटी गाठ झाली की गरज नसतानाही हॉर्मोन स्रवत राहतं, हाडं विरळ होतात आणि उपसलेलं कॅल्शियम मूत्रपिंडात खडे धरतं.