म्युकर, माती आणि पिंपरी

2021च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अनेकांच्या तोंडी एक अवघड नाव बसलं, अँफोटेरिसिन. कोविडमधून उठलेल्या माणसाचा गाल बधिर व्हायचा, डोळा सुजायचा, वरचे दात हलू लागायचे आणि डॉक्टर म्हणायचे ‘म्युकर’, म्हणजे काळी बुरशी. मग नातेवाईक अँफोटेरिसिनची चिठ्ठी घेऊन या मेडिकलमधून त्या मेडिकलमध्ये. जूनअखेर देशात नोंदलेल्या रुग्णांची संख्या 40 हजारांवर गेली होती. तुटवड्यावर तेव्हा भरपूर बोललं गेलं. मला मात्र वेगळीच गोष्ट खटकत होती : सगळे ज्याच्यामागे धावत होते, ते औषध 1950च्या दशकातलं होतं.

बुरशीवर औषधं कमी आहेत, कारण ती जिवाणूंपेक्षा आपल्या जवळची नातलग आहे. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. आपल्या पेशींना तशी भिंतच नसल्यामुळे आपण सुटतो. बुरशीच्या पेशीत मात्र आपल्यासारखंच केंद्रक आणि बरीचशी आपल्यासारखीच यंत्रणा. तिला मारणारं विष आपल्यालाही बाधतं. हाताशी लागलेला एक फरक असा, की पेशीच्या पडद्यात आपल्याकडे कोलेस्टेरॉल असतं, बुरशीकडे अर्गोस्टेरॉल. पुढची बहुतेक औषधं या एवढ्याशा फरकावर उभी राहिली.

त्याआधी फार काही नव्हतं. तोंडातल्या पांढऱ्या बुरशीला जेन्शियन व्हायोलेटचं जांभळं पाणी, नायट्याला सॅलिसिलिक आणि बेन्झोइक आम्लाचं मलम. मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णासाठी चक्क क्ष-किरण देऊन केस गळवले जात. ग्रिसिओफुल्विन 1939 सालीच सापडलं होतं, पण ते पोटात घेतलं तर गजकर्ण बरं होतं हे 1958मध्ये गिनीपिगवर दिसून आलं. मधली एकोणीस वर्षं वायाच गेली म्हणायची.

खरी सुरुवात झाली मातीपासून. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, रेचल ब्राऊन ऑल्बनीत. दोघी राज्याच्या आरोग्य खात्यात नोकरीला. हेझन मातीतले सूक्ष्मजीव वाढवून बुरशीवर तपासत. काही हाती लागलं, की ते डब्यात घालून पोस्टाने ब्राऊनकडे. ब्राऊन त्यातलं रसायन वेगळं काढत आणि पोस्टानेच परत पाठवत. व्हर्जिनियातल्या एका गोठ्याच्या आवारातल्या मातीतून 1950मध्ये निस्टॅटिन हे बुरशीवरचं औषध निघालं. नाव ‘न्यूयॉर्क स्टेट’वरून. स्वामित्वधनाचे 1 कोटी 30 लाखांहून अधिक डॉलर दोघींनी संशोधनाला देऊन टाकले. निस्टॅटिन आतड्यातून रक्तात शिरत नाही, त्यामुळे ते तोंड, आतडं, योनी आणि त्वचा यांपुरतंच राहिलं.

रक्तात पोचणारं औषध पुढच्या काही वर्षांत व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून आलं, तेच अँफोटेरिसिन बी. अर्गोस्टेरॉलला चिकटून ते बुरशीचा पडदा फोडतं. पण कोलेस्टेरॉललाही थोडं चिकटतं, आणि त्याचा भुर्दंड मूत्रपिंडाला बसतो. सलाईनमधून सोडलं की हुडहुडी आणि ताप. इंग्रजी बोलणारे डॉक्टर त्याला ‘अँफोटेरिबल’ म्हणत, ते उगीच नव्हे. पुढे ते चरबीच्या सूक्ष्म फुग्यांत भरून देऊ लागले. मूत्रपिंडाचा त्रास कमी झाला, किंमत वाढली.

याच काळात पिंपरीतही माती तपासली जात होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने 1954मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पेनिसिलिन बनवणारी ‘एचए कंपनी’ म्हणून आपण तिला ओळखतो. पण तिथे एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी नवीन औषधांच्याही शोधात होते. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हॅमायसिन शोधलं, अँफोटेरिसिनच्याच कुळातलं. ते तयार करणाऱ्या जिवाणूचं शास्त्रीय नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. पिंपरीचं नाव असं जीवशास्त्रात गेलं आहे, हे खुद्द पिंपरीत किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. तिथूनच निघालेलं ऑरिओफंजिन पिकांवरच्या बुरशीसाठी वापरलं गेलं. हॅमायसिन मात्र मुख्यतः वरून लावण्याच्या औषधांतच राहिलं.

नंतर अझोल आले, औषधांचा पुढचा गट. हे अर्गोस्टेरॉलवर हल्ला करत नाहीत, ते तयारच होऊ देत नाहीत. इंग्लंडमध्ये सँडविच गावी केन रिचर्डसन यांच्या चमूने बनवलेलं फ्लुकोनॅझोल 1990मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. एड्सच्या रुग्णांत क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर थैमान घालत असताना मेंदूपर्यंत पोचणारी गोळी मिळाली, हे मोठंच काम झालं. 2001मध्ये आलेलं कॅस्पोफंजिन वेगळ्या वाटेचं. ते बुरशीच्या भिंतीतलं ग्लुकान बनू देत नाही. कँडिडा ही बुरशी रक्तात पसरली असेल तर आता बहुधा याच गटापासून सुरुवात करतात.

एवढं सगळं हाताशी असूनही म्युकरपुढे यादी आक्रसते. फ्लुकोनॅझोल चालत नाही, व्होरिकोनॅझोल चालत नाही, कॅस्पोफंजिनही नाही. राहतं अँफोटेरिसिन, आणि जोडीला पोसाकोनॅझोल किंवा इसाव्हुकोनॅझोल. त्यात ही बुरशी रक्तवाहिन्याच बुजवते, मग मेलेल्या भागात औषध पोचणार कुठून? म्हणून शस्त्रक्रिया टळत नाही. चरबीच्या फुग्यांतल्या अँफोटेरिसिनचा डोस वजनाच्या किलोमागे रोज 5 मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाला 300 मिलिग्रॅम, म्हणजे 50 मिलिग्रॅमच्या सहा कुप्या, आणि हे काही आठवडे. तुटवड्याचं अर्धं उत्तर या गुणाकारातच आहे.

गजकर्णाची गोष्ट दिसायला साधी, पण तीही बिघडली आहे. 1990च्या दशकापासून टर्बिनाफिन हुकमी होतं. तेही अर्गोस्टेरॉलच अडवतं, फक्त ते बनवण्याच्या साखळीतल्या आधीच्या टप्प्यावर. पण भारतात स्टेरॉइड मिसळलेली मलमं सर्रास विकली गेली. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत पसरत राहते. टर्बिनाफिनला बऱ्याचदा दाद न देणाऱ्या इथल्या बुरशीला 2020मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव मिळालं, नावातच भारत. 2018मध्ये सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं ठरवलं. तरी मांडीवरचा नायटा घेऊन आलेल्या माणसाला त्वचारोगतज्ज्ञांना अजून आधी हेच विचारावं लागतं, ‘आतापर्यंत कुठली ट्यूब लावत होता?’