शुद्धलेखन आणि सुबोध लेखन (कोल्हापूर)

मराठी लेखनाचे मान्य नियम पाळून लिहिणे म्हणजे शुद्धलेखन आणि वाचणाऱ्याला पहिल्याच वाचनात अर्थ कळेल असे लिहिणे म्हणजे सुबोध लेखन. ‘शुद्ध’ म्हटले की बोली आपोआप अशुद्ध ठरते, म्हणून आता ‘प्रमाणलेखन’ ही संज्ञा अनेकांना अधिक योग्य वाटते. 14 ते 28 जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यांच्या निमित्ताने शाळा-महाविद्यालयांत निबंध, श्रुतलेखन आणि हस्ताक्षराच्या स्पर्धा होतात. (हस्ताक्षर वळणदार असले म्हणून वेलांटी बरोबर पडतेच असे नाही.)

मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम शासनाने 1962 साली मान्य केले आणि 1972 मध्ये त्यांत आणखी 4 नियमांची भर पडली. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठही 1962 चेच, त्यामुळे विद्यापीठ आणि नियम समवयस्क आहेत. त्याआधी छापलेल्या पुस्तकांत ‘कोठें’, ‘घरांत’ असे उच्चारात नसलेले अनुस्वार दिसतात; ते या नियमांनी गेले.

नियमांची सर्वांत सोपी ओळख शहराच्या नावातच होते. गावाच्या नावाअखेरच्या ‘पूर’मधला ‘पू’ दीर्घ, म्हणून ‘कोल्हापूर’. पण पुढच्या ‘र’ला काना किंवा वेलांटी जोडली की तो ऱ्हस्व होतो, म्हणून ‘कोल्हापुरात’, ‘कोल्हापुरी’. चपलांच्या दुकानांवर ‘कोल्हापूरी’ अशी पाटी अजूनही भेटते. ग्राहकाचे त्यावाचून काही अडत नाही, हेही खरे.

लेखनाचे नियम बोलण्याला लावणे मात्र चूक आहे. कोल्हापूरकडच्या बोलीत ‘गेलो होतो’चे ‘गेलतो’ होते आणि बायकाही ‘मी आलो’ म्हणतात; हा व्याकरणदोष नसून त्या बोलीचेच व्याकरण आहे. पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मुभा नियमांनीही ठेवली आहे.

खरी अडचण बोलीची नसून कचेरीतल्या भाषेची आहे. एकारान्त (‘ए’ने संपणाऱ्या) नामाचे सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययापूर्वीचे रूप, याकारान्त होते, म्हणजे ‘करणे’चे ‘करण्यात’. तरीही ‘करणेत येत आहे’, ‘मिळणेबाबत’ ही रूपे अर्ज-परिपत्रकांतून हटत नाहीत. त्यांत ‘सदर’, ‘उपरोक्त’ आणि ‘संबंधित’ मिसळले की काम कोणी करायचे तेच वाक्यातून निसटते. पावसाळ्यात ही संदिग्धता जिवावर बेतू शकते. कोल्हापूरच्या पंचगंगा नदीची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. पाणी चढत असताना ‘नदीकाठच्या नागरिकांचे स्थलांतर करणेबाबत सर्व संबंधितांस सूचित करणेत येत आहे’ अशी सूचना निघाली, तर ती वाचून घर सोडायचे की वाट पाहायची हे कळत नाही. तीच गोष्ट अशी लिहिता येते : ‘पाणी 41 फुटांवर आहे आणि वाढत आहे. नदीकाठच्या लोकांनी आज संध्याकाळी सहापूर्वी घरे सोडावीत. जनावरे सोबत न्यावीत.’