तांब्यात बसवलेल्या कच्च्या खड्यांचे दागिने

तांब्याची तार किंवा पत्रा हाताने घडवून त्यात पैलू न पाडलेला, पुष्कळदा घासून गुळगुळीतही न केलेला नैसर्गिक खडा बसवून केलेले दागिने. अंगठी, पदक, डूल आणि कडे हे त्यांचे नेहमीचे प्रकार होत. सोनाराच्या जडावकामात बहुधा खडा आधी मापात कापून घेतात आणि त्याच्या बेताने कोंदण करतात. येथे खडा सापडला तसाच राहतो आणि धातूलाच त्याच्या खाचखळग्यांप्रमाणे वळावे लागते. साचा, ठसा किंवा ठरलेले माप या कामात त्यामुळे फारसे उपयोगी पडत नाही.

या कामाला लागणारा दगड विदर्भात दूर शोधावा लागत नाही. पश्चिम विदर्भाचा मोठा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या खडकाचा आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून थरावर थर बसले आणि अकीक, कॅल्सेडोनी व गारेचे स्फटिक तयार झाले. खडक झिजून त्याची माती झाली तरी हे कठीण गोळे टिकतात. शेतकरी त्यांना सरसकट गारगोटी म्हणतो आणि वखराच्या पासेला अडतात म्हणून वेचून धुऱ्यावर टाकतो. बाहेरून मळकट बटाट्यासारखा दिसणारा असा गोळा फोडला, की आत राखी, पांढऱ्या आणि तपकिरी पट्ट्या व मधोमध कधी बारीक स्फटिकांनी मढलेली पोकळी दिसते. कारागिराला हवा असतो तो हा तुकडा. पूर्व विदर्भातला खडक याहून पुष्कळ जुना आहे. भंडारा जिल्ह्यात कायनाइट सापडते, पण त्याची निळसर पाती देखणी असली तरी लांबीच्या दिशेने सहज चिरते, म्हणून अंगठीसाठी ते बेभरवशाचे.

तांब्याचे खनिज चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना येथे आहे आणि विदर्भाच्या सीमेपलीकडे, बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंडची प्रसिद्ध खाण आहे. खेड्यातल्या कारागिराला मात्र भंगारच जवळचे. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जळालेल्या शेतीपंपाची तार वजनावर मिळते. तिच्यावरचा इनॅमलचा थर पॉलिश पेपरने घासून काढणे कंटाळवाणे असले तरी तेच बरे, कारण जाळून काढला तर घातक धूर होतो. ही तार बारीक असल्याने दोन-तीन पदरांना पीळ देऊन ती वापरतात.

घडण सुरू होते ती खड्यापासून. आवळ्याएवढा तुकडा बोटांत फिरवून कारागीर त्याच्या कडेवरच्या दोन अशा खाचा शोधतो, की जिथे तार अडकली तर खडा कोणत्याही बाजूने निसटणार नाही. खाच नसेल तर पत्र्याच्या चार-पाच अरुंद पट्ट्या कापून त्या नखांसारख्या वर वळवतो. ऐरणीवर ठोकताना तांबे ताठर होत जाते आणि तसेच ठोकत राहिले तर चिरते. म्हणून मधूनमधून ते मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवतात. विळ्याला पाणी देणाऱ्या लोहाराला हे उलटेच वाटावे, कारण पोलाद असे विझवल्यावर कडक होते आणि तांबे मऊच राहते. सांधा जोडायचा असल्यास टाकणखार लावून चांदीचे मिश्रण वितळवतात. मग चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्यात बुडवून काजळी काढतात आणि सर्वांत शेवटी खडा बसवतात. हा क्रम चुकला आणि खडा बसवल्यावर ज्योत लावली, तर अकीकही तडकतो. शहरांत काही जण खड्याच्या कडेला ग्रॅफाइटचा लेप देऊन मोरचुदाच्या द्रावणात विजेच्या साह्याने तांबे चढवतात. त्याने कड छान मढते, पण ते हातघडणीत मोडत नाही.

या दागिन्यांची नाळ थेट प्राचीन विदर्भाशी जोडण्याचा मोह होतो. नागपूरजवळ माहुरझरी येथील लोहयुगीन शिळावर्तुळांत, म्हणजे दफनांभोवती रचलेल्या दगडांच्या वर्तुळांत, घोड्याच्या मुखावरचे तांब्याचे अलंकार सापडले आणि तेथेच अकीक, कार्नेलियन यांसारख्या दगडांचे मणीही घडवले जात. परंतु हे मणी घासून, भोक पाडून ओवण्याचे होते. दोन्ही वस्तू एका गावात मिळाल्या म्हणून अखंड परंपरा सिद्ध होत नाही. धातुकामाची चालती परंपरा पाहायची, तर ती भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांत आणि खामगावच्या चांदीत दिसते. तांबे अंगावर राहिले ते मुख्यतः बोटातले वेढे, मनगटातले कडे आणि जत्रेत मिळणारी नागाची अंगठी एवढ्यापुरते. कच्चा खडा बसवण्याची आवड अलीकडची आहे आणि तिला तसेच म्हणण्यात काही कमीपणा नाही.

तांब्याच्या कड्याने सांधेदुखी कमी होते असा समज सर्वदूर आहे. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी संधिवाताच्या ७० रुग्णांवर केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र अशा कड्याचा म्हणण्यासारखा उपयोग दिसला नाही. मनगटावर उमटणारा हिरवा डाग हाही गुण नव्हे की दोष नव्हे: घामातील आम्ल व क्षार तांब्यावर क्रिया करतात, त्यातून क्षार बनतात आणि ते साबणाने धुतले जातात.

काळवंडलेला दागिना चिंच-मिठाने घासला की देवघरातल्या तांब्यासारखा उजळतो, आणि अकीक बसवला असल्यास त्याला याने धक्का लागत नाही. बाहेरून मागवलेला हिरवा मॅलाकाइट बसवला असेल, तर चिंच दूर ठेवावी लागते, कारण तो दगड स्वतःच तांब्याचे कार्बोनेट असून आम्लात विरघळतो.