बिल व्हेक: गमतीजमती आणि रिकामा खिसा

बेसबॉल संघांचा मालक बिल व्हेक म्हटलं की अमेरिकेत लोकांना एडी गेडेल आठवतो. 19 ऑगस्ट 1951 रोजी व्हेकच्या सेंट लुईस ब्राउन्सने 3 फूट 7 इंच उंचीच्या या माणसाला पाठीवर 1/8 असा क्रमांक लावून बॅटिंगला उतरवलं. तो वाकून उभा राहिला. चेंडू बॅटरच्या गुडघे ते छाती या पट्ट्यातून जावा लागतो; एवढ्याशा जागेत तो टाकायचा तरी कसा? चारही चेंडू उंच गेले आणि नियमाप्रमाणे गेडेलला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, फुकटात मिळाला. दुसऱ्या दिवशी लीगच्या अध्यक्षांनी त्याचा करारच रद्द केला.

अशा उद्योगांमागचं कारण साधं होतं. व्हेककडे पैसा नव्हता. शिकागो कब्ज हा संघ तेव्हा च्युइंगगमवाल्या रिगलींचा. व्हेकचे वडील त्याचे अध्यक्ष, पण पगारी. पोरगा मैदानावरच वाढला. कब्जचं मैदान असलेल्या रिगली फील्डच्या भिंतीवरची प्रसिद्ध वेल 1937 मध्ये त्यानेच लावून घेतली.

युद्धात जखमी झालेला पाय पुढे कापावा लागला, तर पठ्ठ्याने लाकडी पायात ॲशट्रे कोरून घेतला! 1946 मध्ये त्याने क्लीव्हलँडचा संघ घेतला. पुढच्याच वर्षी लॅरी डोबी हा अमेरिकन लीगमधला (दोन वरिष्ठ लीगपैकी एक) पहिला कृष्णवर्णीय खेळाडू त्याने आणला, तोही न्यूअर्क ईगल्स या त्याच्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघाला रीतसर मोबदला देऊन. डोबीच्या थोडं आधी दुसऱ्या वरिष्ठ लीगमध्ये आलेला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन याला घेताना ब्रुकलिनच्या संघाने त्याच्या जुन्या संघाला छदामही दिला नव्हता. माझ्या मते व्हेकची खरी कामगिरी ही; गेडेलचा किस्सा उगाच पुढे पळतो. 1948 मध्ये क्लीव्हलँड जगज्जेता झाला आणि हंगामात 26 लाखांवर प्रेक्षक आले.

पुढे ब्राउन्सचा मालक असताना सेंट लुईसमध्ये मात्र 1953 साली त्याच शहरातला कार्डिनल्स संघ बुश यांच्या बिअर कंपनीकडे गेला आणि व्हेकचा निभाव लागेना. संघ बाल्टिमोरला हलवू द्या, ही त्याची मागणी इतर मालकांनी फेटाळली. त्याने संघ विकताच नव्या मालकांना परवानगी मिळाली.

शिकागोचाच दुसरा संघ व्हाइट सॉक्सने 1959 मध्ये त्याच्या मालकीखाली 40 वर्षांनी लीग जिंकली. पुढच्या वर्षी आतषबाजी करणारा धावफलक आला, जर्सीवर खेळाडूंची नावं आली.

1970 मध्ये, खेळाडूंना एकाच संघाशी बांधून ठेवणाऱ्या नियमाविरुद्ध कर्ट फ्लड या खेळाडूने केलेल्या खटल्यात त्याने खेळाडूंच्या बाजूने साक्ष दिली. डिसेंबर 1975 मध्ये त्याने व्हाइट सॉक्स पुन्हा घेतला आणि त्याच महिन्यात लवादाच्या निकालाने खेळाडूंना संघ बदलायची मोकळीक मिळाली. पगार भडकले. ते त्याला परवडेनात, आणि 1981 मध्ये त्याने संघ विकून टाकला.