उंच सीटवर बसण्याआधी: मोठी एसयूव्ही वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

सिंहगड रस्त्यालगतच्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये फक्त मोठ्या गाड्या येतात. स्कॉर्पिओ, सफारी, हॅरियर, फॉर्च्युनर आणि त्यांची सगळी भावंडं. सर्व्हिसिंग झाल्यावर किल्ली हातात घेताना बरेच जण एकच प्रश्न विचारतात, ‘आता बिनधास्त ना?’ गाडीपुरतं उत्तर आम्ही बिलावर लिहून देतो. चालवणाऱ्यापुरतं उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या देता येत नाही, शिवाय मागच्या गाडीचा हॉर्न सुरू झालेला असतो. म्हणून हे पत्रक छापलं. ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. टोलच्या रांगेत शेजारी बसलेल्याने मोठ्याने वाचलं तरी चालेल, चालवणाऱ्याने वाचू नये.

भरवसा कशाचा?

उंचावर बसलं की चार गाड्यांपलीकडचा सिग्नल दिसतो, खड्ड्यांचा धसका कमी होतो, दार बंद करताना भरीव आवाज येतो. माणसाला सुरक्षित वाटतं आणि ते काही अगदीच खोटं नाही. हलक्या गाडीशी टक्कर झाली तर जड गाडीतल्या माणसांना धक्का कमी बसतो. मात्र दुभाजक, वडाचं झाड आणि साताऱ्याहून येणारा भरलेला ट्रक यांना तुमच्या गाडीचं वजन मोजायची सवय नाही.

ही गाडी रिकामी असतानाच साधारण दीड ते सव्वादोन टनांची असते. सात माणसं आणि बॅगा चढल्या की त्यात अर्ध्या टनाच्या आसपास भर पडते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. ८० च्या वेगाला एक सेकंद नजर मोबाइलवर गेली तर गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. ‘पण आमची फोर बाय फोर आहे,’ असं कोणी म्हणालं की आम्ही चहा मागवतो, कारण हे समजावायला वेळ लागतो. चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा गाडी चिखलातून बाहेर काढते. थांबवण्याचं काम ब्रेक आणि टायरचं, आणि ब्रेक तर साध्या हॅचबॅकलाही चारही चाकांवर असतात.

उंचीचीही एक किंमत असते. गाडीचा गुरुत्वमध्य वर असल्यामुळे वेगात एकदम स्टिअरिंग मारलं तर ती कलंडायची शक्यता वाढते. ईएससी ही यंत्रणा घसरणारी गाडी सावरायला मदत करते, तिचं बटण उगाच बंद करू नका. कुत्रं आडवं आलं तर सरळ रेषेत कचकचून ब्रेक दाबा, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आपलं काम करेल. वळवून वाचवायच्या नादात गाडी उलटते. याच कारणासाठी जड सामान टपावरच्या कॅरियरवर नको. टपावर हलक्या पिशव्या जाऊ द्या, आंब्याच्या पेट्या खाली. कॅरियरची वजनाची मर्यादा गाडीच्या पुस्तकात दिलेली असते आणि ती बहुतेकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते.

पाच तारे कोणासाठी

भारत एनकॅप ही आपल्याकडची क्रॅश चाचणी ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. पाच तारे मिळालेली गाडी घेतलीत तर उत्तमच. फक्त ते तारे कसे मिळतात ते पाहा. समोरची धडक ताशी ६४ किलोमीटर वेगाने घडवतात आणि आतल्या प्रत्येक पुतळ्याला पट्टा लावलेला असतो. लहान मुलांचे पुतळे चाइल्ड सीटमध्ये बसवलेले असतात. पट्टा न लावता आणि आईच्या मांडीवर मूल घेऊन १०० च्या वेगाने जाणाऱ्या कुटुंबासाठी तारे कोणीच दिलेले नाहीत.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी एसयूव्ही होती. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या सीटवरचे दोघे गेले आणि मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असं तपासात सांगितलं गेलं. मागच्या सीटवरही पट्टा कायद्याने बंधनकारक आहे, न लावल्यास हजार रुपये दंड आहे. एअरबॅग पट्ट्याची जोडीदार आहे, त्याची बदली नाही. पट्ट्याची खोबण सीट कव्हरखाली गाडली गेलेल्या इतक्या गाड्या आमच्याकडे येतात की आता आम्ही न विचारता कव्हर कापून ती मोकळी करतो. रागावू नका. पट्टा न लावता नुसती क्लिप अडकवून बीप बंद करणारे महाभाग आमच्याकडे आले, तर ती क्लिप परत मिळत नाही.

मुलांची सीट आयसोफिक्सच्या (चाइल्ड सीट अडकवण्यासाठी गाडीतच दिलेल्या) कड्यांमध्ये दुसऱ्या रांगेत बसवा. मागे तोंड करून बसवायची तान्ह्या बाळाची सीट, एअरबॅग चालू असताना पुढे कधीच लावू नये. तिसऱ्या रांगेत पाठ आणि मागची काच यांत अंतर थोडं असतं. लांबच्या प्रवासात तिथे मुलांची वर्णी लावण्यापेक्षा एखादा धट्टाकट्टा भाचा बसवा. आणखी एक, सात सीटच्या गाडीला सेडानसारखी वेगळी डिकी नसते. वीस लिटरचा पाण्याचा जार मोकळा ठेवला तर जोरात ब्रेक लागताच तो वीस किलोचा गोळा सरळ डोक्याकडे येतो. जाळी लावा किंवा सामान सीटच्या पाठीला चिकटवून, तळाशी बांधा.

हे आम्ही बसवत नाही

पुढचा लोखंडी बुलबार. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे की तो बेकायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, धडकेचा जोर शोषण्यासाठी बंपरमागचा भाग चुरगळायचा असतो; बुलबार तो जोर थेट चासीवर नेतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाजही बिघडवू शकतो. समोर पादचारी असेल तर त्याच्यासाठी तो लोखंडाचा मारच आहे.

काळी फिल्म. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती बंद केली. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आला पाहिजे. रात्री, पावसात, काळ्या काचेतून रेनकोट घातलेला दुचाकीस्वार दिसत नाही, यापलीकडे आम्हाला काही म्हणायचं नाही.

जास्त वॉटचे पांढरेशुभ्र दिवे. तुमचा हेडलाइट मुळातच छोट्या गाडीच्या दिव्यापेक्षा उंचावर असतो. त्यात मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि डिप्परसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो. स्टिअरिंगच्या बाजूला ० ते ३ आकड्यांचं एक छोटं चाक असतं, ते यासाठीच. गाडी भरली की आकडा वाढवा, झोत खाली येतो. काही महागड्या गाड्यांत हे आपोआप होतं. बाकीच्यांत ते चाक शोरूममधून निघाल्यापासून शून्यावरच असतं.

शहरात

पुण्यात मोठी गाडी चालवणं म्हणजे दुचाक्यांच्या मधून वाट काढणं. पुढच्या काचेलगतचा जाड खांब अख्खी स्कूटर झाकू शकतो. म्हणून डावीकडे वळताना सीटवर थोडं पुढे झुकून पाहायची सवय लावा आणि आरसे असे ठेवा की स्वतःच्या गाडीची कड जेमतेम दिसेल. बोनेट उंच असल्यामुळे अगदी समोर उभं असलेलं लहान मूल दिसतच नाही. सोसायटीत गाडी काढताना आधी एक फेरी पायी मारा. कॅमेरा आहे, खरं आहे. पावसाळ्यात त्यावर चिखल असतो, हेही खरं आहे.

स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या लावायची यंत्रणा) असलेल्या सोसायट्यांसाठी एक सूचना: प्लेटवर वजनाची आणि उंचीची मर्यादा लिहिलेली असते. ती गाडी बुक करण्याआधी वाचायची असते. कॅरियर लावल्यावर उंची पुन्हा मोजा.

कोथरूड ते हिंजवडी असा रोजचा थांबत-सरकत प्रवास असलेल्या डिझेल गाड्यांना एक खास त्रास होतो. २०२० नंतरच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो साफ व्हायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो आणि गर्दीत तो तापत नाही. डीपीएफचा दिवा लागला की पुस्तकात दिल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं एकसारख्या वेगाने गाडी चालवा. दिवा लागलेला असताना आठवडाभर तशीच फिरवलीत, तर पुढचं काम खर्चिक होतं.

पाणी

यावर आम्ही जरा सविस्तर लिहितो, कारण मोठी गाडीवाले इथेच सर्वात जास्त फसतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते अरण्येश्वर, सहकारनगर परिसरातल्या लोकांना विचारा. गाड्या काडीसारख्या वाहून गेल्या. २५ जुलै २०२४ ला आमच्याच रस्त्यावरची एकता नगरी पाण्यात होती. वाहतं पाणी फूटभर असेल तर छोटी गाडी तरंगायला लागते. दोन फूट असेल तर बहुतेक एसयूव्हीही वाहून जातात. जाहिरातीतला ‘वॉटर वेडिंग’चा, म्हणजे गाडी किती खोल पाण्यातून जाऊ शकते त्याचा, आकडा उभ्या, शांत पाण्यासाठी असतो, ओढ्यासाठी नाही.

खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो. अडथळे सरकवून पलीकडे जायचा प्रयत्न करू नका. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, हे मात्र पाठ करून ठेवा. इंजिनात पाणी शिरलेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. माणसं बाहेर काढा, गाडी टो करून आणा. साध्या विम्यात इंजिनाचं हे नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. नूतनीकरणाच्या वेळी एजंटला विचारा.

घाट

नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. ब्रेक निकामी झालेल्या मालवाहू गाड्यांमुळे तिथे कितीतरी अपघात झाले आहेत. तुमची गाडी कितीही भक्कम असली तरी उतारावर ट्रकच्या पुढ्यात रेंगाळू नका, पुढे रांग थांबलेली दिसली की लवकर हळू व्हा, हॅझर्ड लावा आणि आरशात मागे पाहत राहा.

ताम्हिणी असो, दिवे घाट असो की खंबाटकी, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिकवाल्यांनी मॅन्युअल मोड वापरावा, तो शोभेचा नाही. पाय सतत ब्रेकवर ठेवला की पॅड तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी नीट थांबत नाही. असं झालं तर सुरक्षित जागी थांबून वारा लागू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणाऱ्यांसाठी: आधुनिक गाडी गिअरमध्ये उतरताना इंधन जवळपास बंदच करते, न्यूट्रलमध्ये ते जळत राहतं. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते.

आणि मजा

एवढं वाचून कोणाला वाटेल, आम्ही लोकांना गाडी विकून टाकायला सांगतोय. तसं नाही. हिवाळ्यात पहाटे निघून सोलापूर रस्त्याने भिगवणला जा. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी आलेले असतात, कुंभारगावच्या कच्च्या रस्त्यावर या गाडीची उंची खरोखर कामाला येते. मागची सीट पाडून दार वर केलं की सावली, बाक आणि जेवणाचं टेबल तयार. डब्यातले पराठे तिथेच संपतात.

गणपतीला कोकणात जाताना आजी-आजोबांना चढणं-उतरणं जड जातं. बाजूची फूटस्टेप आणि आतलं हँडल, या दोन गोष्टी आम्ही मनापासून सुचवतो. अॅक्सेसरीवर खर्च करायचाच तर इथे करा. आजींना दुसऱ्या रांगेत खिडकीशी बसवा, तिसऱ्या रांगेत गुडघे छातीशी येतात. दर दोन तासांनी थांबा. ज्यांना वळणांनी मळमळतं त्यांच्यासाठी सगळ्यात गुणकारी औषध म्हणजे चालवणाऱ्याने वेग कमी करणं.

रविवारी सकाळी सिंहगडाच्या घाटात ही गाडी नेणं आम्हाला काही झेपत नाही. आतकरवाडीला लावा आणि चढून जा, पिठलं-भाकरी जास्त गोड लागते.

निघण्याआधी

हवा गाडी थंड असताना तपासा. आकडे ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतात, रिकाम्या गाडीसाठी वेगळे आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळे. टायरच्या कडेवरचे चार अंक म्हणजे त्याचा जन्म: ३५२३ असेल तर २०२३ चा ३५ वा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर बाद. आमच्या मते पावसाळ्याआधी त्याहून बराच लवकर बदलावा. बऱ्याच मोठ्या गाड्यांची स्टेपनी खाली टांगलेली असते आणि ती उतरवायला लांब रॉड फिरवावा लागतो. हा उद्योग घरच्या पार्किंगमध्ये एकदा करून पाहा. ताम्हिणीत, धुक्यात, पुस्तक उघडून शिकायची ही गोष्ट नाही. रस्त्यात काही अडचण आलीच तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावा.

लांबच्या प्रवासाआधीची तपासणी आम्ही करून देतो: ब्रेक, टायर, वायपर, दिव्यांचे झोत, पट्टे, स्टेपनी. गणपती आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा भरलेला असतो, तेव्हा दहा दिवस आधी वेळ ठरवा. येताना गाडी रिकामी करून आणा आणि चाकांना चोरी रोखणारे लॉक-नट असतील तर त्यांची खास चावी सोबत आणा. ती घरी कपाटात राहिली असेल तर चाकं उघडणार नाहीत आणि तपासणी दुसऱ्या दिवसावर जाईल.